इंग्रजी पेपर काढा, पण आजीलाही वाचता येऊ द्या!

भुसावळच्या रेल्वेत आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत घाम गाळणाऱ्यांची नातवंडे आज इंग्रजी शाळेत जातात. जळगाव-धुळ्याकडची ही पोरे म्हणतात, "आपल्या गावाचे इंग्रजी साप्ताहिक हवे, म्हणजे आपले गाऱ्हाणे वरच्या साहेबाला कळेल." म्हणणे खोटे नाही. पण आमचा एक प्रश्न आहे. त्या घरातल्या आजीने काय वाचायचे?

हा पेच जुनाच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा एकाच पानावर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी छापले. आधी ते पाक्षिक होते, त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. साहेबाला इकडचे कळावे आणि इकडच्यांना जगातले कळावे, दोन्ही कामे एकाच कागदावर! पुढे १८८१ साली पुण्यात वेगळी वाट निघाली. 'मराठा' इंग्रजीत आणि 'केसरी' मराठीत, असे दोन वेगळे पेपर झाले.

आणि बाबासाहेब? कोलंबिया आणि लंडनला शिकलेला माणूस, मोठमोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिलेला. इंग्रजी पेपर काढणे त्यांना काय अवघड होते? पण १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० चे 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत', सगळे मराठीतच काढले. सरकारशी आणि जगाशी भांडायचे ते इंग्रजीत, आपल्या माणसांशी बोलायचे ते मराठीत. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. ज्यांना दुसऱ्याच्या पेपरात जाहिरातीपुरतीही जागा नव्हती, त्यांच्यासाठी हा पेपर होता. तो त्यांनाच वाचता आला नसता, तर काढायचा कशाला?

म्हणून पोरांना आमचे सांगणे: काढा साप्ताहिक, जरूर काढा. फक्त 'दर्पण'सारखे काढा. नगरपालिकेच्या नळाला आठ दिवस पाणी नाही, ही बातमी इंग्रजीत छापा, म्हणजे कलेक्टर कचेरीत दाखवता येईल. शेजारीच मराठीत छापा, म्हणजे नळावर हंडा घेऊन उभी असलेली बाई म्हणेल, "आठ नाही, अकरा दिवस झाले, दुरुस्त करा!" शिष्यवृत्तीच्या अर्जाची आणि जात पडताळणीच्या कागदांची शेवटची तारीख मात्र मराठीतच मोठ्या अक्षरात द्या. पोरगे विसरते, आई विसरत नाही.