आधी मोजा, मग खोला



या अंकासाठी बाईंनी प्रत्येकाला एकेक ठाम मत लिहून आणायला सांगितले. आम्ही दोघे बहीणभाऊ मिळून एकच मत मांडतो. जुन्या गाडीचे इंजिन "गेले" असे कोणी म्हणाले, तर मोजमाप केल्याशिवाय ते मान्य करू नये. तोवर इंजिन खोलू नये आणि गाडी विकूही नये. आणखी एक, हे मोजमाप मुलांना करू द्यावे.

आमच्याकडे १९७३ सालची एम.जी.बी. आहे. ही दोन दारांची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, म्हणून सुटे भाग अजूनही मिळतात. इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, साधे आणि दणकट. बाबांचा या गाडीवर आमच्याइतकाच जीव आहे, असे आई चेष्टेने म्हणते.

गेल्या वर्षी गाडी ऑइल प्यायला लागली. उतारावर पाय उचलून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागून निळा धूर निघायचा. वरच्या बाजूने टकटक आवाज यायचा. चढावर दम लागायचा, आणि सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा काटा फारच खाली जायचा. एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटे कान देऊन ऐकले आणि सांगितले, इंजिन पूर्ण झिजले आहे, सगळे नवे करावे लागेल. आकडा चार हजार पौंडांच्या वर होता. बाबा घरी आले आणि त्यांनी जेवणाआधीच विक्रीची जाहिरात लिहायला घेतली.

त्या रविवारी साताऱ्याला आजोबांशी फोन झाला. आजोबा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काँप्रेशन किती आलं?" बाबा गप्प. "अरे, मग इंजिन गेलं हे त्याला कळलं कसं? आधी मोजा, मग खोला."

शेजारच्या एका निवृत्त काकांकडून आम्ही काँप्रेशन गेज आणले. मोजण्याची रीत अशी. इंजिन गरम हवे, बॅटरी भरलेली हवी. चारही प्लग काढायचे, इग्निशनची वायर सोडवायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यायचे. दादाने पाय दाबून धरला, ताईने आकडे वहीत लिहिले. पहिला १५०, दुसरा १४५, तिसरा ९५, चौथा १५०.

म्हणजे चारांपैकी तीन ठणठणीत! मग तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजले. रिंगा किंवा बोअर झिजला असेल तर ऑइलने फट भरते आणि आकडा चांगलाच वर जातो. आमचा ९५ वरून जेमतेम १०० झाला. याचा अर्थ हवा खालून नव्हे, वरून निसटत होती.

ती कुठून निसटते तेही शोधता येते. बाबांनी तिसरा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना अगदी वर आणला, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला आणि प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा सोडली. आम्ही ऐकायला धावलो. फुसफुस कार्बुरेटरमध्ये आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आमची फुसफुस सायलेन्सरच्या नळीतून आली. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह!

टॅपेट तपासताना त्याची खात्रीच पटली. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह असतात आणि तपासायला नऊचा नियम लागतो. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल, त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा. येईल तो तपासायचा. चौथा उघडा असताना पाचवा पाहिला. फट पंधरा थाउ, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर हवी. तिथे फटच उरली नव्हती. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत चालला होता. याला कारण आहे. जुन्या पेट्रोलमधले शिसे या बैठकींना झिजेपासून वाचवायचे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, आणि आमच्या हेडमधल्या बैठकी जुन्या, मऊच होत्या. त्यातून मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्टचा मार्ग एकच असल्याने तिथे उष्णता सर्वांत जास्त.

बाकीच्या तक्रारींचेही असेच झाले. उतारानंतरचा निळा धूर व्हॉल्व्ह गाइडमधून झिरपणाऱ्या ऑइलचा होता. टकटक झिजलेल्या रॉकर शाफ्टची होती. काकांचे दुसरे ऑइल गेज लावून पाहिले, तर चालत्या गाडीत ६० आणि उभ्या गाडीत २० पौंड दाब निघाला. इंजिन बरोबर होते, डॅशबोर्डवरचे गेज खोटे बोलत होते.

मग फक्त हेड उतरवले. मशीन शॉपमध्ये एक्झॉस्टला कडक धातूच्या बैठकी, नवे गाइड आणि नवे व्हॉल्व्ह बसवून घेतले. रॉकर शाफ्ट आणि गॅस्केट नवे घातले. नट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले. सगळा खर्च सांगितलेल्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आला. आता चारही आकडे १४५ ते १५० च्या मध्ये आहेत.

आमच्या मतावर आक्षेप आहेत, ते सांगितले पाहिजेत. काकाच म्हणाले, "वरचं नवं केलं की कधीकधी जुन्या रिंगा जास्त ऑइल प्यायला लागतात." खरे आहे. आमची गाडी अजूनही थोडे ऑइल पिते. किती, ते आम्ही दर आठवड्याला वहीत लिहितो. शिवाय काही इंजिने खरोखरच झिजलेली असतात. गरम झाल्यावर दाब पडतो, खालून घणघण येते, ऑइल घालताच काँप्रेशन वाढते. तेव्हा बोअर-पिस्टन करणे, क्रँक घासून घेणे आणि नव्या बेअरिंग घालणे याला पर्याय नाही. पण तेही मोजल्यावरच कळते. मोजायला एक दुपार लागली. न मोजता चार हजार पौंड गेले असते, नाहीतर गाडी गेली असती.

इथे चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एम.ओ.टी. सक्तीची नाही. म्हणजे वर्षातून एकदा परक्याने तपासण्याची सोयही गेली. मग घरच्यांनीच तपासायला नको का?

दुसरा आक्षेप आईचा. "जी.सी.एस.ई.चं वर्ष आहे, हात कसले काळे करताय?" आई, तुझी काळजी आम्हांला कळते. पण विज्ञानाच्या पुस्तकातला दाब आम्हांला त्या दुपारी समजला. आजोबांना रोज अहवाल द्यायचा म्हणून "झीज", "बैठक", "फट", "गळती" हे शब्द आले. आणि फोनवर "कसे आहात, बरा आहे" यापुढे आजोबांशी आम्ही पहिल्यांदाच अर्धा अर्धा तास बोललो.

म्हणून सर्व आईबाबांना विनंती, घरात काही बिघडले की आम्हांला बाजूला बसवू नका. टॉर्च आमच्या हातात द्या, आकडे आम्हांला लिहू द्या. आणि जाहिरात लिहायच्या आधी एकदा गेज आणा.

तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. गेज हवे असेल तर शनिवारी वर्गात सांगा, काकांना विचारून आणून देऊ.

– मोठ्या गटातील दोघे बहीणभाऊ