गादीवरचा संयम, घरातला राग

व्यापारी माणसाच्या संयमाची परीक्षा सकाळी दुकान उघडल्याबरोबर सुरू होते. गिऱ्हाईक दहा साड्या उलगडायला लावते, शेजारच्या दुकानातील भाव ऐकवते आणि काही न घेता पायरी उतरते. उधारी थकवणारा उलट आवाज चढवून बोलतो. कराचा अधिकारी वह्या चाळता चाळता दोन टोचणारे शब्द ऐकवून जातो. गादीवर बसलेला माणूस हे सारे हसतमुखाने सोसतो. कोणाच्या अंगावर हात टाकणे दूरच, आवाजसुद्धा चढवत नाही. तोच माणूस संध्याकाळी घरी येतो आणि ताट वाढायला पाच मिनिटे उशीर झाला म्हणून ते भिरकावतो. घरातली माणसे एकमेकांची समजूत घालतात, ‘त्यांचा स्वभावच तापट आहे.’

स्वभावच तापट असेल, तर तो दिवसभर दुकानात कोठे जातो? कुटुंबातील हिंसेविषयी समाजशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे सिद्धान्त मांडले, त्यांतील बरेचसे या एका प्रश्नाभोवती फिरतात. मारणाऱ्याच्या मनात काय चालते हे मानसशास्त्र पाहते. त्याने कोणावर हात उचलला, कोठे उचलला आणि त्याला अडवणारे कोणी का नव्हते, हे समाजशास्त्र विचारते.

हा प्रश्न शास्त्रालाही उशिराच सुचला. विवाह व कुटुंब या विषयाला वाहिलेले अमेरिकेतील एक प्रमुख नियतकालिक १९३९ साली सुरू झाले. १९६९ पर्यंतच्या तीस वर्षांत त्यातील एकाही लेखाच्या शीर्षकात ‘हिंसा’ हा शब्द आला नाही. मार खाल्लेल्या बालकांच्या जखमांकडे हेन्री केम्प व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९६२ मध्ये वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले होते. तरीही कुटुंब म्हणजे प्रेमाचे आश्रयस्थान, हे गृहीतक समाजशास्त्रज्ञांनी सोडले नव्हते. पुढे न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील मरे स्ट्रॉस आणि त्यांचे सहकारी रिचर्ड गेलिस व सुझान स्टाइनमेट्झ यांनी १९७५-७६ च्या सुमारास २,१४३ अमेरिकी कुटुंबांची पाहणी केली. दर सहा जोडप्यांपैकी सुमारे एका जोडप्यात मागील वर्षभरात शारीरिक हिंसेचा निदान एक तरी प्रसंग घडला होता, आणि अशी जोडपी सर्व थरांतील होती. हिंसा केवळ दारुड्याच्या झोपडीत होते, ही सुखवस्तू समाजाची समजूत त्या पाहणीने मोडली.

गेलिस आणि स्ट्रॉस यांनी पुढे जे विश्लेषण केले, ते आपल्या घरांकडे पाहताना फार उपयोगी पडते. कुटुंबाला ऊब देणारे जे गुण, तेच त्याला हिंसाप्रवणही करतात, असे त्यांचे म्हणणे. घरातील माणसे दिवसाचा फार मोठा काळ एकत्र घालवतात, म्हणून संघर्षाचे प्रसंगही अधिक. एकमेकांविषयीची गुंतवणूक उत्कट असते, म्हणून परक्याच्या टोमण्याने न होणारी जखम नवऱ्याच्या, मुलाच्या वा सासूच्या एका शब्दाने होते. एकमेकांच्या वागण्यावर आपला अधिकार आहे असे प्रत्येकाला वाटते. सून काय नेसते, मुलगा कोणाशी बोलतो, म्हातारे वडील कोणाला पैसे देतात, हे सारे घराच्या अखत्यारीतले मानले जाते. वय आणि लिंग यांनुसार पायऱ्या ठरलेल्या असतात. एकमेकांची मर्मस्थाने पुरती ठाऊक असतात. या नात्यांतून सहज बाहेर पडता येत नाही. नोकरी सोडता येते, सासर सोडणे सोपे नसते. आणि या सर्वांवर खासगीपणाचा पडदा असतो, दार लावले की घर जगापासून तुटते.

आता या यादीत आपले एकत्र व्यापारी कुटुंब घालून पाहावे. पश्चिमेतील कुटुंबाला निदान कामाची जागा वेगळी असते. आपल्याकडे भाऊ-भाऊ हेच भागीदार, वडील हेच मालक आणि खाली दुकान, वर घर. जागेच्या वाटणीचा, थकलेल्या हुंडीचा, पडलेल्या भावाचा ताण जिना चढून थेट स्वयंपाकघरात येतो. धाकट्या भावाला नोकरासारखे बोलले जाते आणि त्याचे उट्टे त्याच्या पत्नीवर निघते. बाहेर पडण्याची किंमतही दुप्पट असते, कारण घर सोडणारा पेढीही सोडतो. एकत्र कुटुंबाचे जे फायदे आपण अभिमानाने सांगतो, ते खोटे नाहीत. संकटात दहा हात धावून येतात, हे खरेच आहे. परंतु ज्या भिंती ऊब धरून ठेवतात, त्या आवाजही बाहेर जाऊ देत नाहीत.

या विषयावरील पायाभूत लेखांपैकी एक विल्यम गुड यांचा, १९७१ सालचा. त्यांची मांडणी व्यापाऱ्याला चटकन उमजेल अशी आहे. कोणतीही सत्ता चालवायला भांडवल लागते आणि बळ हे त्या भांडवलांपैकी एक. पैसा, प्रतिष्ठा आणि प्रेमाने मिळवलेला आदर ही अन्य भांडवले. ज्याच्यापाशी ही विपुल आहेत, त्याला हात उगारावा लागत नाही. ज्याची ही भांडवले आटतात, पण हुकमाची अपेक्षा आटत नाही, तो बळाकडे वळतो. दुकान बसलेला कर्ता पुरुष वा पत्नीपेक्षा शिक्षणात मागे असलेला पती घरात का आक्रमक होऊ शकतो, याचा एक धागा येथे सापडतो. मात्र गुड यांच्या मांडणीची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. श्रीमंत घरात थप्पड कमी दिसते, याचा अर्थ तेथे धाक कमी असतो असे नाही; तेथे धाकाला थपडेची गरज पडत नाही. तिजोरीची किल्ली कोणाकडे, दागिने कोणाच्या लॉकरमध्ये, माहेरी जायच्या तिकिटासाठी किती वेळा हात पसरावा लागतो, एवढ्यावर काम भागते. आपल्याकडील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाबरोबर आर्थिक छळालाही हिंसेत गणले, ते याच कारणाने महत्त्वाचे. घरखर्च अडवणे किंवा स्त्रीधन परस्पर विकणे हे त्यात येते. दुकानाच्या कर्जासाठी सुनेचे दागिने तिला न विचारता तारण ठेवणारी मंडळी ते ‘घरचेच सोने’ समजतात. स्त्रीधन ही तिची संपूर्ण मालमत्ता असून सासरची माणसे तिचे केवळ विश्वस्त ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे.

गेलिस यांनी १९८३ मध्ये मांडलेला विचार तर शुद्ध हिशेबाचा आहे. माणसे घरात मारतात, कारण त्यांना मारता येते. मारण्यापासून काहीतरी मिळते, म्हणजे वाद संपतो, हुकूम चालतो, मनातली वाफ निघते, आणि त्याबद्दल मोजावे काहीच लागत नाही. गिऱ्हाइकाला मारले तर पोलीस येतात, बाजारात नाव जाते, धंदा बसतो. पत्नीला मारले तर शेजारी खिडकी लावून घेतात. दुकानातला तापटपणा कोठे जातो, याचे उत्तर हे आहे. तो कोठेही जात नाही. जेथे महाग पडतो तेथे आवरला जातो. राग अनावर झाला असे म्हणणारा माणूससुद्धा, पाहुणे दिवाणखान्यात असतील तर ते जाईपर्यंत थांबतो.

हिंसा स्वस्त राहते ती मौनामुळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा विवाह झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. याच पाहणीनुसार देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली, आणि सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली ना कोणाला काही सांगितले. जेथे घराण्याच्या नावावर उधारी मिळते, सोयरिकी जुळतात, तेथे हे मौन अधिकच दाट असते. ‘धाकटीचे लग्न व्हायचे आहे, आत्ता बोभाटा नको’ हे वाक्य कितीतरी घरांत बोलले गेले असेल. जैन विचाराने हिंसेचा हिशेब मन, वचन आणि काया या तिन्हींनी, तसेच कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी मांडला आहे. दाराआडचा आवाज ऐकून माळ ओढत बसणारा या हिशेबात कोठे बसतो, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. बोभाटा न करताही मदत मिळण्याची सोय आहे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमले जातात, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या कार्यालयात सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष पुढे राज्यात अन्यत्रही उभे राहिले.

या सिद्धान्तांवर आक्षेपही आले आणि ते वजनदार आहेत. स्ट्रॉस यांच्या पाहणीत वार मोजले गेले, म्हणून पती-पत्नींनी उचललेल्या हातांची संख्या जवळपास सारखी दिसली. कोण घाबरून जगते आणि कोणाचे हाड मोडते, हे त्या आकड्यांत दिसेना. स्कॉटलंडमध्ये एमर्सन आणि रसेल डोबॅश या दांपत्याने १०९ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९७९ च्या ग्रंथात मांडले की ही हिंसा ‘कुटुंबातील’ अशी मोघम नाही. ती पत्नीवर हुकमत राखण्याची जुनी, समाजमान्य रीत आहे. भांडणाची कारणे त्यांना ठरावीकच आढळली. नवऱ्याचा संशय, घरकामाच्या अपेक्षा आणि पैसा. मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये दोन्ही बाजूंचे थोडेफार समाधान केले. एखाद्या भांडणात दोघांचाही तोल सुटणे वेगळे, आणि एकाने दुसऱ्याचे अवघे जगणे सातत्याने मुठीत ठेवणे वेगळे. पहिल्या प्रकारात वडीलधाऱ्यांची मध्यस्थी उपयोगी पडू शकते. दुसऱ्या प्रकारात ‘दोघांनीही थोडे घ्या’ असे सांगणारी बैठक पीडितेला पुन्हा त्याच मुठीत नेऊन सोडते. आपल्या समाजातील समेट घडवणाऱ्या मंडळींनी हा भेद करायला शिकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पितृसत्तेचे नाव काढले की कोणीतरी विचारतोच, मग सासू का छळते? याचे उत्तर डेनिझ कान्दियोती या तुर्की विदुषीने १९८८ मध्ये दिले. ज्या समाजांत नवी सून सर्वांत खालच्या पायरीवर प्रवेश करते आणि मुलगे मोठे झाल्यावर, सून आल्यावरच तिच्या हाती सत्ता येते, तेथे स्त्रिया त्या व्यवस्थेशी सौदा करतात. आज सोसायचे, उद्या वसूल करायचे. सासू व्यवस्थेविरुद्ध जात नाही, कारण तिची आयुष्यभराची ठेव त्याच व्यवस्थेत अडकलेली असते. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत पत्नीला मारणे कोणत्या कारणांनी योग्य ठरते असे विचारले, तेव्हा स्त्रियांनी सर्वाधिक मान्य केलेले कारण होते सासरच्यांचा अनादर.

लहानपणी पाहिलेली मारहाण मोठेपणी गिरवली जाते, असे सांगणारा अनुकरणाचा सिद्धान्त सर्वांना परिचित आहे. त्याविषयी एवढेच, की पाहणारी सगळीच मुले तशी होत नाहीत. ‘बापाचा गुण’ म्हणून कोणालाही सूट देता येत नाही. दारूचेही तसेच. दारू आवर सैल करते, पण हात कोणावर पडावा हे दारू ठरवत नाही.

सत्तेचा काटा फिरला की हिंसेची दिशाही फिरते, याचा पडताळा आपल्याच घरांतील वृद्धांमध्ये मिळतो. ज्यांच्या खोकल्याने घर शांत व्हायचे, ते बक्षीसपत्रावर सही केल्यानंतर मागच्या खोलीत जातात. स्वभाव कोणाचाच बदललेला नसतो, बदललेली असते मालमत्ता कोणाच्या नावे आहे ती नोंद. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. म्हणून ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावी.

मालमत्तेचा हाच धागा बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमध्ये तपासला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील सुमारे ५०० स्त्रियांच्या अभ्यासात (प्रसिद्धी २००५) जिच्या नावे ना जमीन ना घर, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीची मारहाण सोसली होती; जिच्या नावे दोन्ही होते, अशांपैकी ७ टक्के. स्वतःचे घर असलेल्या स्त्रीला जायला जागा असते, आणि ते तिच्या पतीलाही ठाऊक असते. नुसती कमाई मात्र एवढे संरक्षण देतेच असे नाही. बंगळुरूच्या गरीब वस्त्यांतील एका अभ्यासात, नव्याने कामाला लागलेल्या स्त्रियांवरील हिंसा वाढलेली आढळली. गुड यांची भांडवलाची मांडणी आठवली तर याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

आपल्यात मुलीला लग्नात भरभरून दिले जाते. पण ते सोने, कपडे आणि भांडी या रूपांत, जे सासरच्या कपाटात जाते. स्थावर मालमत्ता मुलांकडे राहते. वारसा कायद्यातील २००५ ची दुरुस्ती जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. तरीही वडिलांच्या निधनानंतर काही दिवसांतच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ते फिरवण्यासाठी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि ते अतिशय अवघड असते. तो कागद तिने सही करण्यापूर्वी स्वतः निवडलेल्या वकिलाकडून वाचून घ्यावा, भावांच्या वकिलाकडून नव्हे, आणि दुःखाचे पहिले काही महिने लोटल्यावरच त्याचा विचार करावा.