हत्तीच्या दंतमंजनाची कैफियत

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका गावी भरलेल्या शालेय विज्ञान-प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा मान मला लाभला, आणि त्या मानाबरोबर येणारा नारळ, शाल व पोह्यांची बशी यथाविधी स्वीकारून झाल्यावर, ज्या टेबलाभोवती सर्वांत मोठी गर्दी लोटली होती त्या टेबलाकडे मीही वळलो. सातवीतला एक सडपातळ मुलगा तेथे 'हत्तीची टूथपेस्ट' या नावाने प्रसिद्ध असलेला प्रयोग दाखविणार होता. जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांनी तो मोबाइलच्या पडद्यावर आधीच पाहिलेला असल्यामुळे फेसाचा अजस्र स्तंभ आता छताला भिडणार, या खात्रीने शिक्षिकाबाईंनी पहिल्या रांगेतील मुलांना चार पावले मागे सरकविले होते, आणि शिपायाने जमिनीवर पोती अंथरण्याचा चोख बंदोबस्त केला होता. मुलाने बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, भांडी घासण्याचा पातळ साबण घातला, केशरी रंगाचे चार थेंब सोडले, आणि श्वास रोखून यीस्टचे दाणे आत टाकले. फिकट केशरी फेस हळूहळू बाटलीच्या तोंडापर्यंत चढला, काठावर क्षणभर रेंगाळला, आणि मंद आचेवरचे दूधही याहून लवकर उतू जाईल अशा सावकाशीने बाटलीच्या अंगावरून ओघळत टेबलावर येऊन थांबला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "हत्तीची कसली? ही तर उंदराची!"

मुलाने कृतीत फारशी कुचराई केलेली नव्हती. आणि रसायनांनी तर मुळीच केलेली नव्हती. तरीही त्या दिवशी जो निकाल जनतेच्या दरबारात लागला तो एकतर्फी होता, कारण फिर्यादीचे सर्व म्हणणे ऐकले गेले आणि बिचाऱ्या फेसाची जबानी कोणी घेतलीच नाही. ती येथे नोंदवून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हायड्रोजन पेरॉक्साइड हा पदार्थ फ्रेंच रसायनज्ञ थेनार याने १८१८ साली प्रथम तयार केला. पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा आणखी एक अणू कसाबसा कोंबून बसविलेला असावा, अशी त्याची घडण. आणि संधी मिळताच तो जादा प्राणवायू सोडून देऊन पुन्हा साधे पाणी होऊन स्वस्थ बसावे, अशी त्याची निरंतर ओढ. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी जी बाटली मिळते तीत हा पदार्थ बहुधा शेकडा ६ असतो आणि बाकी सारे पाणी असते. त्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असे जे शब्द छापलेले असतात ते कोणी वाचत नाही, पण सगळ्या प्रकरणाचा उलगडा त्यातच आहे: या द्रवाच्या एका मापातून प्राणवायूची वीस मापे निघतील, अशी ती हमी असते. म्हणजे आपल्या मुलाने १०० मिलिलिटर द्रव ओतला तेव्हाच त्याच्या फेसाचे भवितव्य २ लिटर वायूच्या मर्यादेत निश्चित झाले होते, आणि दोन लिटर वायूचा फेस, त्यातला एकही बुडबुडा वाया गेला नाही असे उदार मनाने गृहीत धरले तरी, छताला भिडण्याची गोष्टच नाही, धड एक बादलीही भरू शकत नाही. पडद्यावरच्या स्तंभामागे जो द्रव असतो तो शेकडा ३० किंवा त्याहूनही तीव्र असतो. ३० टक्क्यांच्या बाटलीवर '१०० व्हॉल्यूम' लिहिलेले असते. तेव्हा फिर्यादीचा पाचांपैकी चार हिस्से दावा केवळ लेबल वाचूनच निकालात निघतो.

पण उरलेला हिस्साच अधिक मनोरंजक आहे. हे विघटन होताना उष्णता बाहेर पडते. सहा टक्क्यांच्या द्रवात ती इतकी असते की, भांड्याने आणि हवेने आपला वाटा उचलला नाही असे मानल्यास, सगळा द्रव सुमारे चाळीस अंशांनी तापेल. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी तो अंघोळीच्या कढत पाण्याइतका होईल, आणि तेथेच थांबेल. तीस टक्क्यांच्या द्रवात मात्र निघणारी उष्णता आतल्या पाण्याला उकळबिंदूपर्यंत नेऊनही निम्म्याहून अधिक शिल्लक उरते, आणि ती शिल्लक पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ही वाफ आकारमानाने कित्येकदा खुद्द प्राणवायूवरही मात करते. तेव्हा पडद्यावर जो धुमसता, फुत्कारणारा स्तंभ दिसतो तो घरगुती फेसाची पाचपट मोठी आवृत्ती नसून त्यात एक निराळेच पात्र रंगभूमीवर आलेले असते, आणि ते पात्र घरच्या बाटलीत प्रवेशच करू शकत नाही. जमाखर्चाची ही अशी जागा आहे की जेथे पाचपट भांडवलावर पाचपटच नफा मिळत नाही. एका विशिष्ट पायरीनंतर नफ्याची जातच बदलते.

वेळेचाही एक भाग आहे. एकूण वायू तितकाच असला तरी तो पाच सेकंदांत सुटतो की पाच मिनिटांत, यावर प्रेक्षकांचा सगळा आनंद अवलंबून असतो. नाहीतर जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर जो पांढरा बुडबुडाट होतो त्याला कोणी टाळ्या का वाजवीत नाही? प्रयोगशाळेत ही घाई घडवून आणण्यासाठी पोटॅशियम आयोडाइड वापरतात; ते तत्काळ विरघळून सर्वत्र पसरते. घरी ते काम यीस्टमधील कॅटॅलेज नावाच्या विकराकडे सोपवावे लागते, आणि हे विकर कामाला कमालीचे तरबेज असले तरी कोरड्या दाण्यांत कोंडलेले असताना ते करणार काय? यीस्ट आधी कोमट पाण्यात भिजवून, काही मिनिटे थांबून, मग ते एकदम ओतावयाचे असते. आपल्या मुलाने दाणे कोरडेच टाकले. त्याची चूक म्हणायची तर एवढीच. कच्च्या बटाट्याच्या किसातही हेच विकर असते, ही गोष्ट त्याला ठाऊक असती तर आईच्या स्वयंपाकघरातून त्याला यीस्टही आणावे लागले नसते.

हत्तीची ही अवस्था, तर ज्वालामुखीची त्याहून करुण. प्रदर्शनाच्या त्याच दालनात शाडूचे तीन ज्वालामुखी मांडलेले होते, आणि तिन्हींच्या पोटात खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचीच भेट घडवून आणण्याची तजवीज होती. बाजारात मिळणारे व्हिनेगर हे शेकडा चार-पाच अॅसिटिक आम्ल आणि बाकी पाणी. चार टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरला पुरा पडतो तो जेमतेम साडेपाच ग्रॅम सोडा, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यावर जितके चमचे ओताल तितके तळाशी निमूट बसून राहतील, कारण आम्ल संपल्यावर सोड्याने झगडावे कोणाशी? या भेटीतून सुमारे दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातलाही काही भाग पाण्यातच विरघळून राहतो. परंतु खरी गंमत पुढे आहे. लाल रंगाने माखलेल्या त्या 'लाव्हा'मध्ये मी सहज बोट घातले, तो गार लागला. उगीच भास नव्हे. सोडा आणि व्हिनेगर यांचा संयोग सभोवतालची उष्णता शोषून घेतो, आणि उष्णतामापक बुडविला तर पारा काही अंश खाली उतरलेला स्पष्ट दिसतो. गार पडणारा ज्वालामुखी! तिन्ही मुलांना मी हे विचारले. एकालाही त्याची खबर नव्हती, कारण बोट घालून पाहावे असे कोणाच्या मनातच आले नव्हते. सर्वांची नजर उंचीवर होती.

रसायनांनी ज्वालामुखी करून दाखविण्याचा मोह मात्र फार जुना. पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढे निकोला लेमेरी याने १७०० साली असे प्रतिपादन केले होते की लोखंडाचा कीस व गंधक पाण्याने भिजवून त्याची मोठी रास जमिनीत पुरली असता काही तासांनी जमीन तापते, भेगाळते आणि वाफा व ज्वाला बाहेर येतात; आणि खऱ्या ज्वालामुखीचे रहस्यही हेच असले पाहिजे. त्याची ही उपपत्ती चुकीची ठरली. पण त्याच्या राशीत एक धडा आहे. तेच मिश्रण चमचाभर घेतले तर ते थोडेसे कोमट होऊन गप्प बसेल, कारण लहान वस्तूला तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो आणि जितकी उष्णता निर्माण होते तितकी तो लगेच उधळून टाकतो. मोठ्या राशीच्या गाभ्यातली उष्णता बाहेर पडण्यास वाट शोधीत राहते, साचते, आणि साचलेली उष्णता अभिक्रियेला आणखी चेतविते. गवताच्या गंजीला पावसाळ्यानंतर आपोआप आग लागते, पण घरातल्या पेंढीला लागत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. (लेमेरीचा प्रयोग कोणी करून पाहू नये, त्यातून निघणारा वायू विषारी आहे.)

आणि मग येतो कॅमेरा. पडद्यावरचा प्रयोग कितव्या प्रयत्नात साधला हे आपल्याला कळत नाही, फसलेले प्रयत्न कापून टाकलेले असतात, साधलेला क्षण मंदगतीने ताणून दाखविलेला असतो, आणि बाटली जवळून टिपलेली असल्यामुळे हातभर फेसही मनोऱ्यासारखा भासतो. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. तालीम केल्यावाचून रंगभूमीवर उभे राहू नये हा शिरस्ता तर विज्ञानाच्या व्याख्यानांनाही पूर्वीपासून लागू आहे. मायकेल फॅरडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०–६१ च्या नाताळात मुलांसाठी एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, तेव्हा त्याच्या बाजूला अँडरसन नावाचा, पूर्वी तोफखान्यात सार्जंट असलेला, विश्वासू सहायक प्रत्येक काचनळी जागच्या जागी देण्यास सज्ज असे. फरक असलाच तर तो निवडीत. विझविलेल्या मेणबत्तीतून वर चढणाऱ्या धुराला काडी लावली असता ज्योत त्या धुरावरून उतरत पुन्हा वातीवर येऊन बसते, हे त्याने तेथे जसे दाखविले तसेच आपणही आज रात्री वीज गेल्यावर दाखवू शकतो, आणि आपली ज्योत फॅरडेच्या ज्योतीपेक्षा तसूभरही उणी पडणार नाही.

येथे माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. काही प्रयोगांचा प्रभाव 'किती' यावर उभा असतो आणि काहींचा 'काय' यावर. वायू, फेस, स्फोट, ज्वाला ही पहिली जात. तिला माल हवा, तीव्रता हवी, आणि तो माल शहाणपणानेच घराबाहेर ठेवलेला आहे. रंग ही दुसरी जात. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्यावर साबण फिरविताच तो लालभडक होतो आणि भरपूर पाण्याने खळबळला किंवा त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा पडतो, हा चमत्कार प्रत्येक मराठी घरातल्या धुण्याच्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे; हळदीपासून कुंकू करणाऱ्यांनी क्षाराचा हाच गुण जाणून आपला धंदा चालविला. त्यासाठी हळद लागते चिमूटभर, चुना नखभर, आणि तो रंग शेवटच्या बाकावरूनही दिसतो, कारण रंग ओळखण्यास डोळ्याला द्रव्याचा डोंगर लागत नाही. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. तेथेही आपल्या श्वासाहून अधिक तीव्र काही नको. या प्रयोगांकडून कोणाचा अपेक्षाभंग झालेला मी पाहिलेला नाही.

मग आपली मुले हळद सोडून हत्तीच्या मागे का लागतात? माझी तक्रार मुलांविरुद्ध नाही, ती आम्हा परीक्षकांविरुद्ध आहे. माझ्या हाती दिलेल्या गुणपत्रकात 'आकर्षकता' या रकान्याला वीस गुण होते आणि मोजमापाला स्वतंत्र रकानाच नव्हता. जो मुलगा आपल्या फेसाची उंची फूटपट्टीने मोजील, द्रव निम्मा केल्यावर ती किती घटते हे वहीत लिहील, त्याला त्या कागदावर कोठेही जागा नव्हती. अशा वेळी पालक काय करतात? एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, ओळखीच्या कारखान्यातून 'चांगला कडक' पेरॉक्साइड मिळवून दिला तर पुढच्या वर्षी चालेल काय, असे अत्यंत आदरपूर्वक विचारले. तीस टक्क्यांचा द्रव कातडीवर सांडला तर ती पांढरी पडून होरपळते आणि डोळ्यात उडाला तर दृष्टीच धोक्यात येते, हे त्यांना सांगून मी ती विनंती नामंजूर केली; पण ते पटल्यासारखे दिसले नाहीत, आणि ज्या गुणपत्रकाचा धाक त्यांना होता त्यावर माझीच सही असल्यामुळे त्यांना फार दोष देण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

निघण्यापूर्वी मी त्या मुलाला बाटलीवरचे '२० व्हॉल्यूम' दाखविले, त्याचा अर्थ सांगितला, आणि पाण्याने भरलेली बाटली बादलीत उपडी धरून तीत नळीने वायू गोळा कसा करावयाचा हे कागदावर काढून दिले. महिन्याभराने त्याच्या वडिलांच्या मोबाइलवरून त्याचा फोन आला. "सर, दहा मिलिलिटरमधून दोनशे यायला हवे होते ना? तीनदा केले, दीडशेच्या वर येतच नाही. औषधवाल्याने फसवले का?"

"बाटली केव्हा फोडलीस?" मी विचारले.

"गणपतीत. बाबांचा पाय कापला होता तेव्हा." मग थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. "म्हणजे सर, तेव्हापासून ती आतल्या आत संपत होती?"

आता तो नवी बाटली आणणार आहे. जुनी मात्र इतक्यात फेकू नकोस, असे मी त्याला बजावले आहे.