मॉरिशसचा ऊस आणि आपला कोयता



मॉरिशस म्हटले की निळा समुद्र, नवी लग्न झालेली जोडपी आणि सिनेमातली गाणी एवढेच आपल्याला आठवते. उसाच्या माणसाने मात्र या बेटाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात वसलेला हा देश सगळा मिळून २०४० चौरस किलोमीटरचा. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असे पाच मॉरिशस बसतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. जमीन ओळखीची वाटेल अशीच, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची. पाऊस मात्र मधल्या पठारावर ४००० मिलिमीटरपर्यंत जातो. आपल्याकडे ७०० झाला तरी आपण नाथसागराकडे आशेने बघायला लागतो! हंगाम आपल्या उलटा, जून ते डिसेंबर. वादळे येतात, बाकी पिके झोपतात, ऊस वाकतो आणि पुन्हा उठतो. म्हणून या बेटावर ऊस टिकला.

हा ऊस तिथे १६३९ साली डच लोकांनी नेला. फ्रेंचांनी तो गुलामांकडून वाढवून घेतला. १८१० साली बेट इंग्रजांकडे आले आणि १८३५ साली तिथली गुलामगिरी बंद झाली. मग तोडायला माणूस कुठून आणायचा? हिंदुस्थानातून. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून पहिली ३६ माणसे कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाख उतरली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसे, त्यात रत्नागिरीकडची पुष्कळ. पाच वर्षांच्या करारावर अंगठा. त्या ‘ॲग्रीमेंट’चेच ‘गिरमिट’ झाले. तिकडे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून माणसे नेली म्हणतात. दगड उलटावे लागले हे खरे. उसाच्या फडात आजही काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उभे आहेत. ते याच माणसांनी हाताने वेचून रचलेले.

आता मुद्द्याचे सांगतो. त्या मळ्यांवर एक नियम होता, त्याला ‘डबल कट’ म्हणत. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप असो, बाळंतपण असो. हे वाचले तेव्हा मला आपल्या तळावरचा ‘खाडा’ आठवला. कोयत्यातले एक माणूस आजारी पडले, तर मुकादम खाडा लावतो आणि तो उचलीत चढतो. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या साली पुन्हा त्याच टोळीत. गिरमिटाला निदान पाच वर्षांची मुदत होती. उचलीला ती पण नाही.

मॉरिशसची माणसे यातून सुटली ती एकदम नव्हे. १८७१ साली जुन्या मजुरांनी ९४०१ सह्यांचा अर्ज सरकारला दिला, त्यावर इंग्लंडहून आयोग आला. १९०१ साली गांधीजी आफ्रिकेहून परतताना तिथे काही दिवस थांबले, आणि मुलांना शिकवा, राजकारणात भाग घ्या, असे सांगून गेले. त्यांच्याच सांगण्यावरून १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे वकील तिथे जाऊन मजुरांचे खटले लढले. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १८८० च्या सुमारास साखरेचे भाव पडले, मळेवाले अडचणीत आले आणि जमिनीचे तुकडे करून विकू लागले. मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले. कोयतेवाला ऊस उत्पादक झाला. मग त्याचे भांडण पण आपल्यासारखेच झाले! छोटे शेतकरी ‘ऊबा’ जातीचा ऊस लावत. जात काटक, पण चोथा जास्त. १९३७ साली गिरण्यांनी त्याचा भाव कापला. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथे दंगल उसळली, गोळीबारात चार माणसे गेली. त्यानंतर चौकशी झाली आणि वजन-उताऱ्यावर तटस्थ देखरेख आली. उत्पादकाच्या उसातून निघालेल्या साखरेचा ७८ टक्के वाटा त्याचा आणि २२ टक्के गिरणीचा, ही वाटणी तिथे रूढ झाली.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. तोडणाऱ्यांची नातवंडे मास्तर, डॉक्टर, मंत्री झाली. मराठी मंडळी तिथे शेकडा दोनच्या आसपास, पण गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातला जाखडी नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि बाजारात डाळपुरी खातात.

सगळे गोड आहे असे नाही. युरोपचा हमीभाव २००९ साली संपला, वीस वर्षांत उसाचे क्षेत्र निम्म्यावर येऊन ठेपले. शिकलेली पोरे फडात उतरत नाहीत. आपल्याकडे तरी कुठे उतरतात?

पण एवढे खरे, की तिथला तोडणारा दोन-तीन पिढ्यांत उसाचा मालक झाला. आपल्या फडात येणारा बीडचा, पाटोद्याचा, किंवा आपल्याच कन्नड-पैठणचा कोयता तिसऱ्या पिढीतही कोयताच आहे. सभासदांची बाजू मला ठाऊक आहे. मुकादम उचल घेऊन पळतो, टोळी खुशाली मागते, तोड लांबली की वजन घटते आणि शिव्या चिटबॉयला बसतात. हे खोटे नाही. तरीही त्या पळालेल्या मुकादमाचा राग पाचट उचलणाऱ्या बाईवर काढू नये. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात निघाला, तेव्हा खाड्याची भीती हे एक कारण म्हणून समोर आलेच होते.

टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी घ्यायचे ठरले आहे. त्यांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. पण वसतिगृह तालुक्याला, आणि पोर तुमच्या बांधावर. मधले अंतर कोण कापणार? माझे मत स्पष्ट आहे. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा लावणाऱ्या मुकादमाशी कारखान्याने पुढच्या हंगामाचा करार करू नये, आणि हा ठराव वार्षिक सभेत सभासदांनीच मांडावा. वरून हुकूम आला तर तो कागदावर राहतो. हा विषय आमच्या शेतकी खात्याचा नाही असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

ज्यांच्या शिवारात यंदा कोप्या पडणार आहेत त्यांनी विहिरीचे किंवा बोअरचे पिण्याचे पाणी देणार की नाही, हे आपल्या गट ऑफिसात तोडणी नोंदीबरोबरच सांगावे. सोबत कोपीपासून जवळच्या जिल्हा परिषद शाळेचे अंतरही लिहून द्यावे, म्हणजे टोळी उतरली की त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना मुलांची यादी पोचवता येईल.