अर्ध्या कोयत्याचा हिशेब

राज्यात किती ऊस गाळला गेला आणि उतारा किती पडला, याचे आकडे हंगामात साखर आयुक्तालयाकडे अखंड जमा होत असतात. 2021-22 च्या हंगामात 1,300 लाख टनांहून अधिक ऊस गाळून सुमारे 137 लाख टन साखर तयार झाली. हा ऊस तोडला किती माणसांनी, असे विचारले तर मात्र कोणी आठ लाख म्हणतो, कोणी दहा, कोणी बारा-तेरा. ही मोजदाद विसराळूपणामुळे राहिलेली नाही. ज्याची मजूर म्हणून नोंद होते, त्याचा कोणीतरी मालक ठरतो. आणि मालक ठरू नये यावरच तोडणीचा सारा कारभार चालतो. कारखाना मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो, म्हणजे पैसा त्याचा. पण फडात टोळी कोणती आणि केव्हा येणार, हे त्याच्या हाती नसते. बीडसारख्या जिल्ह्यांच्या मागासलेपणाची चर्चा पाणी आणि उद्योगांवर येऊन थांबते. त्याच जिल्ह्यांतून वर्षातले पाच-सहा महिने बाहेर जाऊन राबणारी माणसे ज्या उद्योगासाठी राबतात, त्याच्या दप्तरात ती नसतात. विकासाची अडचण मला तिथे अधिक दिसते.

या व्यवस्थेचे एकक आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. पावसाळ्यात मुकादम उचल देतो ती जोडप्याला. दसरा-दिवाळीनंतर गाडी निघते ती उचल फेडायला. सहसा पुरुष ऊस तोडतो. बाई वाढे बाजूला काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. भाकऱ्या, पाणी आणि कोपीतल्या लेकरांचे तिने पहाटेच उरकलेले असते. हिशेब टनावर आणि कोयत्याच्या नावाने होतो, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या. तिच्या मजुरीची स्वतंत्र ओळ कुठल्याही कागदावर नसते. खाडा मात्र तिच्याही गैरहजेरीचा लागतो. मजुरीला अर्धी आणि दंडाला पुरी, असा हा न्याय आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दोष काही डॉक्टरांवर गेला आणि तो जायलाच हवा होता. पण पाळीच्या किंवा आजाराच्या दिवसांत हक्काची सुटी नाही, फडावर शौचालय नाही आणि पडून राहिले तर पैसे कापले जाणार, अशा बाईला पिशवी काढून टाकणे हाच सुटकेचा मार्ग वाटला असेल, तर त्या निर्णयाची मुळे दवाखान्याबाहेरही शोधावी लागतात.

याच उद्योगाने ग्रामीण विकासाचा आदर्शही घालून दिला, हे विसरता येणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा ऊस पिकवणारा साखरेचा मालक झाला. त्यातून पुढे शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि आमदारही निघाले. सभासदत्व मिळाले ते भागधारक शेतकऱ्याला. तोडकरी कुंपणाबाहेरच राहिला, आणि खासगी कारखान्यांनीही तीच घडी पुढे चालवली.

तोडकऱ्याची मजूर म्हणून नोंद करा म्हटले, की कारखान्यांना हा बोजा पेलणार नाही, हा पहिला आक्षेप येतो. गणित करून पाहू. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 वर गेला. दिवसाला दोन टन तोडणाऱ्या जोडप्याला त्यातून माणशी 366 रुपये पडतात, आणि तो दिवस बारा तासांचा असला तर तासाला जेमतेम तीस. या मजुरीवर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी कारखान्याने भरला, तर टनामागे 44 रुपये होतात. टनभर उसातून साधारण शंभर किलो साखर निघते, म्हणजे किलोमागे 44 पैसे. उद्योग बुडवणारी ही रक्कम नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उचल मजुरांनाच हवी असते. लग्न, औषधपाणी, खत-बियाणे यांसाठी पावसाळ्यात एवढी रक्कम त्यांना दुसरे कोण देणार? शिवाय उचल घेऊन टोळी न आल्याने बुडालेले वाहतूकदारही आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून उचलीवर नुसती बंदी घालून काही साधणार नाही. ती कारखान्याने थेट बँक खात्यात, नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळी द्यावी आणि फेडीचा लेखी हिशेब ठेवावा. फसवणूक रोखायलाही हाच कागद उपयोगी पडेल. आगाऊ पैसे देऊन माणसाला कामाशी बांधून ठेवणे ही 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येणारी बाब आहे. तो कायदा फडावर पोहोचत नाही, कारण बांधणारा कोण हे कागदावर दिसतच नाही.

आता हार्वेस्टर येतील, तोडणीचा प्रश्न आपोआप मिटेल, असेही ऐकू येते. यंत्राला रुंद सरी, मोठे रान आणि कोरडी जमीन लागते. तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत कोयता इतक्या लवकर सुटणार नाही. आणि सुटलाच, तर ज्या बाईने वीस हंगाम मोळ्या वाहिल्या, ती नुकसानभरपाई कोणत्या नोंदीच्या आधारावर मागणार? तोडकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे हवीतच, त्यांमुळे मुले गावात शिकतील; पण आईची नोंद त्यांनी होत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे आणि ओळखपत्रांचे कामही सुरू झाले आहे. त्या ओळखपत्राचा क्रमांक कारखान्याच्या तोडणीच्या नोंदीत आणि मजुरीच्या देयकात चढत नाही, तोवर ते पाकिटातच राहील. दरवाढीच्या वाटाघाटी दर काही वर्षांनी होतात आणि त्यांत टनाचा दर व मुकादमाचे कमिशन यांवर घासाघीस चालते. पुढच्या करारात मजुरी कोयत्यामागे न धरता माणसामागे धरायची, ही अट पहिल्या ओळीत हवी.