फुंकलंत? आता डोकं शांत ठेवा!

शनिवारची रात्र. पार्टी आटोपून गाडी काढली आणि पुलाखाली नाकाबंदी. हवालदार नळी पुढे करतात, स्क्रीनवर आकडा येतो 38. मागच्या सीटवरून लगेच एक्स्पर्ट ओपिनियन: ‘टेन्शन नको, मशीन कोर्टात टिकतच नाही!’ दुसरा म्हणतो, ‘मुळात फुंकायचंच नव्हतं ना यार.’ पहिल्याचं अर्धंच खरं आहे आणि दुसऱ्याचा सल्ला तर तुम्हाला आणखी गोत्यात आणणारा.

मोटर वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की तो गुन्हा. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात, तर 15,000 आणि दोन वर्षांपर्यंत. जागेवर पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. लायसन्स निलंबित होऊ शकतं ते वेगळंच. ‘चला, गुन्हा कबूल करून टाकू आणि मोकळे होऊ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती कबुली म्हणजे रेकॉर्डवरची शिक्षा आहे. उद्या नव्या कंपनीच्या फॉर्मवर ‘कधी दोषी ठरला आहात का?’ या रकान्यात ती लिहावी लागेल.

आता मशीनचा फंडा. ते रक्त तपासत नाही, श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि त्यावरून रक्ताचा हिशेब मांडतं. हिशेब साधारण असा: 2100 मिली श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढंच 1 मिली रक्तात. हे प्रमाण माणसागणिक थोडंफार बदलतं. नुकताच घोट घेतला असेल, माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा ढेकर आली असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल आकडा फुगवतं. त्याचा असर साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. शिवाय मशीनचं कॅलिब्रेशन वेळेवर झालेलं नसेल, तर आकड्यावर शंका घ्यायला जागा राहते. केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये याच मुद्द्यावर एका चालकाला दिलासा दिला. माणसाने फुंकण्याआधी मशीनची रिकामी चाचणी शून्य दाखवत नसेल, तर पुढच्या आकड्यावर विसंबता येत नाही, असं त्या निकालाचं सार.

म्हणूनच आव्हानाची खरी तयारी कोर्टात नाही, त्या पहिल्या दोन तासांत होते. काय करायचं?

एक, आवाज न चढवता नवी नळी मागा आणि फुंकण्याआधी मशीनवर शून्य दिसतंय का ते बघा. चूळ भरली असेल किंवा आत्ताच काही प्यायलं असेल, तर आधीच सांगा आणि थोडा वेळ थांबून दुसऱ्यांदा चाचणी घ्यायची विनंती करा.

दोन, मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवरची वेळ, तारीख आणि मशीनचा नंबर टिपून ठेवा. कॅलिब्रेशनची कागदपत्रं वकील पुढे याच नंबरवरून मागवतो.

तीन, अटक झाली तर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वास चाचणीची संधी द्यायला हवी, असं कलम 203 म्हणतं. अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर तुम्हाला सोडावं लागतं, हे कलम 202 मध्ये आहे. रक्ताची चाचणी हवी असेल तर लगेच आणि लेखी मागा. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल बाहेर टाकतं. त्यामुळे उशिरा घेतलेलं रक्त त्या वेळचं चित्र दाखवत नाही.

चार, नमुना कधी घेतला, सील कसं केलं, याची नोंद पाहा. सलमान खानच्या 2002 मधल्या अपघाताच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये त्याला निर्दोष सोडताना रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही बोट ठेवलं होतं.

आणि फुंकायला नकार? मुळीच नको. तोंडाला वास येत असेल तर नकारावरही अटक होते, आणि सबळ कारण नसेल तर कलम 205 नुसार तो नकार तुमच्याच विरोधात जातो. इन्शुरन्सवाल्यांनाही आकडाच हवा असतो असं नाही. चाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यांवरून दारूचा मुद्दा मांडून क्लेम नाकारता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं.

हे सगळे हक्क आहेत ते मशीनने चुकून पकडलेल्या माणसासाठी. बाकीच्यांनी साधा हिशेब करावा. साठ किलोच्या पुरुषाला 330 मिलीची एक साधी बिअर 30 च्या उंबरठ्यापर्यंत नेते, मुलींना बहुधा त्याच्याही पुढे. रात्री एक वाजता 150 वर असलेला माणूस सकाळी आठला ऑफिससाठी गाडी काढतो, तेव्हाही तो 45 च्या आसपास असतो. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, पुदिन्याची गोळी, कशानेही हा आकडा उतरत नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने उडवलेली दोघं तुमच्याआमच्यासारखीच होती, विशीतली, आयटीतली. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. चाचणी जितकी चोख, तितका निर्दोष माणूस लवकर सुटतो आणि दोषी माणसाला पळवाट मिळत नाही. म्हणून मशीनला प्रश्न जरूर विचारा. फक्त त्याआधी, किल्ली हातात घेताना, एक प्रश्न स्वतःलाही विचारा. कॅब दहा मिनिटांत येते, बॉस!