गैरहजर वारस

ध्वजदिनी सकाळी एका तालुक्याच्या गावी कचेरीपुढील पटांगणात ज्या निवृत्त सुभेदारांना शाल आणि श्रीफळ देऊन गौरविण्यात आले, ते सुभेदार त्याच दिवशी दुपारी, शाल घडी करून पिशवीत ठेवलेली, पण छातीवरचे लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या रंगांचे कागदी निशाण जसेच्या तसे, अशा स्थितीत त्याच कचेरीच्या मागल्या व्हरांड्यातील बाकावर आपल्या नावाच्या पुकाऱ्याची वाट पाहत बसलेले मला दिसले. सकाळच्या समारंभाला मी हजर होतो. टाळ्या मीही वाजविल्या होत्या. दुपारचे ते दृश्य पाहिल्यापासून त्या टाळ्यांची मला लाज वाटते आहे, आणि आजसाठी योजलेला पाणीपट्टीचा विषय बाजूला सारण्याचे कारण तेवढेच आहे.

सुभेदारांची हकीकत लांब नाही, आणि फौजेत माणसे धाडणाऱ्या कोणत्याही गावाला ती अपरिचित वाटणार नाही. बारा वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा ते लडाखात होते आणि जोजीलाचा रस्ता बर्फाने बंद होता. मधल्या काळात घरी असलेल्या दोघा भावांनी वारसनोंदीचा अर्ज दिला, तलाठ्याने फेरफार धरला, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस चावडीवर लागली, आणि ज्याने हरकत घ्यावयाची तो मनुष्य शेकडो कोसांवर बर्फात पहारा देत असल्यामुळे मुदतीत कोणाचीही हरकत न आल्याचा शेरा बसून नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर दोन नावे लागली. तिसरे राहिले ते राहिलेच. पहिल्या रजेत नकला मिळाल्या नाहीत, दुसरीत साहेब दौऱ्यावर होते, तिसरी मुलीच्या लग्नात संपली. आणि आता निवृत्तीनंतर त्यांनी प्रांतांकडे जे अपील दाखल केले आहे त्याला जोडलेल्या पहिल्याच कागदाचे नाव ‘विलंब माफीचा अर्ज’ असे आहे. कायद्याच्या परिभाषेत या शब्दांना ठरलेला अर्थ आहे आणि त्यात कोणाचा अवमान अभिप्रेत नाही, हे मी जाणतो. तथापि सीमेवर उभे असल्यामुळे झालेल्या विलंबाची माफी ज्याने मागावयाची आणि ज्यांनी ती द्यावयाची, त्या दोघांच्या जागा येथे बदलल्या आहेत, ही भावना माझ्या मनातून जात नाही.

सैनिकांविषयी नागरिकांनी कृतज्ञता व्यक्त करावी की नाही, हा प्रश्नच मला मान्य नाही. ती केलीच पाहिजे. प्रश्न आहे तो ती कोणाला उद्देशून करावयाची याचा. सत्कार गणवेषाचा होतो. व्यासपीठावर त्या माणसाने ताठ उभे राहावे, हार स्वीकारावा, वक्त्याने त्याच्या मुखी घातलेल्या शौर्याच्या कथेला मान हलवून संमती द्यावी, म्हणजे आमचे अंतःकरण भरून येते; परंतु त्याची वृद्ध आई, त्याची पत्नी, त्याचा बांध, त्याचा सातबारा, त्याच्या मुलाचा दाखला, या गोष्टींना गणवेष नसल्यामुळे त्या आमच्या कृतज्ञतेच्या दृष्टीस पडत नाहीत. जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक रजा आणि किरकोळ रजेचे सुमारे महिनाभर दिवस मिळतात, तेही तुकडीची निकड सांभाळून. म्हणजे वर्षाच्या चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से तो आपल्या घरी गैरहजर असतो. त्या गैरहजेरीत त्याच्या घराला काय भोगावे लागते, यावरून मी गावाची कृतज्ञता मोजतो.

ध्वजदिनाला माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. 1949 साली 7 डिसेंबर हा दिवस त्यासाठी मुक्रर झाला तेव्हा त्यामागील कल्पना अतिशय सुंदर होती: ज्याला जे जमेल ते त्याने डब्यात टाकावे, छातीवर एक चिमुकले निशाण लावावे, आणि जमलेल्या पैशातून युद्धात पंगू झालेल्यांची, वीरपत्नींची आणि निवृत्तांची सोय व्हावी. शाळकरी मुलाच्या मुठीतले नाणे त्या डब्यात पडते तेव्हा त्या आवाजाइतका पवित्र आवाज सार्वजनिक जीवनात मला दुसरा ऐकू येत नाही. परंतु त्या दानाला ‘उद्दिष्ट’ नावाचा शब्द जडला, जिल्ह्याला इतके, तालुक्याला इतके, अशा रकमा वाटल्या जाऊ लागल्या, खालच्या नोकराला त्या वरिष्ठांच्या तगाद्यापोटी भराव्या लागू लागल्या, आणि उद्दिष्टापेक्षा अधिक वसुली करणाऱ्यांचाच पुन्हा सत्कार होऊ लागला, तेव्हापासून कृतज्ञतेचे रूपांतर महसुलाच्या एका बाबीत झाले. पैसा जमतो, तो चांगल्या कामी लागतो, आणि तो जमावाच. पण तो दिल्यावर आपले कर्तव्य संपले अशी जी समजूत देणाऱ्याच्या मनात रुजते, ती त्या सुभेदारांना व्हरांड्यातील बाकावर बसवून ठेवते.

येथे मला सभासदाची आठवण होते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली शिवचरित्राची बखर 1697 साली, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीच्या वेढ्याच्या त्या दीर्घ आणि कठीण पर्वात लिहिली. प्रतापगडचा प्रसंग होऊन तेव्हा 38 वर्षे लोटली होती. अफजलखानाच्या वधाचे वर्णन तो करतो, हे मराठी मुलांना शाळेपासून ठाऊक असते. पण त्या वर्णनापाठोपाठ जो मजकूर येतो तो आमच्या वक्त्यांच्या तोंडी मी कधीच ऐकलेला नाही. लढाईत जे कामी आले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. जखमी झालेल्यांना जखम पाहून 200 होनांपासून 25 होनांपर्यंत रक्कम दिली. आणि नामांकितांना हत्ती, घोडे, सोन्याची कडी असा गौरव केला, असा त्या मजकुराचा आशय आहे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणतील की सभासद आठवणीने लिहितो आहे, त्याचे आकडे तंतोतंत धरू नयेत. मी तो आक्षेप मान्य करतो, आणि त्यामुळेच त्या मजकुराचे मोल मला अधिक वाटते. वेढ्याने ग्रासलेल्या राज्यात, मूळ मुलखापासून इतक्या दूर, एका वृद्ध कारकुनी पेशाच्या माणसाला आपल्या धन्याचा सर्वांत मोठा विजय आठवताना त्याच्या जोडीला विधवेचे निम्मे वेतन आठवले, जखमेच्या प्रतीप्रमाणे ठरलेले होन आठवले. म्हणजे ही बाब त्या विजयाचाच भाग आहे, तिच्यावाचून विजयाची कथा पुरी होत नाही, अशी त्याची धारणा होती. आमच्या आजच्या समारंभात खानाचा वध असतो, वाघनखे असतात, तुताऱ्या असतात. विधवा पहिल्या रांगेत बसलेली असते, तिचा हात हाती घेऊन छायाचित्रही काढले जाते. पण तिचे वेतन कोणत्या टेबलावर अडले आहे, हा मजकूर आमच्या बखरीत येत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. सत्काराच्या भाषणात सैनिक हा एकवचनी शब्द असतो, त्यात सगळे सैनिक विरघळून जातात. उलट सभासदाच्या त्या चार-दोन ओळींत माणसागणिक भेद आहे: याला मुलगा आहे, त्याला नाही, याची जखम भारी, त्याची हलकी. असा भेद करावयाचा तर कोणीतरी प्रत्येकाच्या घराची चौकशी केलेली असली पाहिजे, कोणीतरी टिपण ठेवलेले असले पाहिजे. पुढे पेशवाईत लढाईत पडलेल्यांच्या मुलांच्या परवरिशीसाठी ‘बालपरवेशी’ या नावाने जी नेमणूक होत असे तिच्यातही हेच तत्त्व दिसते. दप्तरातील तो शब्द वाचला की मला नेहमी वाटते, कृतज्ञतेला आमच्या पूर्वजांनी रोजकीर्दीत जागा दिली होती. जेथे नाव, गाव, वारस आणि रक्कम लिहिली जाते तेथे उपकार उरत नाही, हक्क उत्पन्न होतो. आणि सैनिकाला हात पसरण्याची पाळी येत नाही.

माझ्या नित्याच्या वाचकांना आता पुढचे वाक्य ठाऊक आहे. मोजणीच्या दगडांवर लिहिले तेव्हा मी तेच म्हणालो, जन्ममृत्यूच्या नोंदींवर लिहिले तेव्हाही तेच, आणि आज पुन्हा म्हणतो: ज्या समाजाची टिपण ठेवण्याची सवय मोडते त्याची कृतज्ञता एका दिवसाची होते. गावातले किती जण आज फौजेत आहेत, त्यांच्या घरी कोण आहे, कोणाचे काय अडले आहे, याची यादी असलेली ग्रामपंचायत मला अजून भेटावयाची आहे. शहीद स्मारकाच्या कमानीचा खर्च मात्र प्रत्येकीला तोंडपाठ असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्याला, ज्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांची आठवण जपलेली आहे. मृतांची संख्या दगडावर राहते. जे जिवंत आहेत आणि दूर आहेत त्यांची यादी कोणीतरी दर महिन्याला नवी करावी लागते, आणि तेथे दगड उपयोगी पडत नाही.

आणि दूर असलेल्या सैनिकाच्या मागे त्याचे घर सांभाळावे लागते हे परकीय सरकारला कळले होते, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही. 1925 साली हिंदी सैनिकांच्या दाव्यांसंबंधी एक कायदा झाला. युद्धावर किंवा मोहिमेवर असलेल्या सैनिकाविरुद्ध दिवाणी वा महसुली न्यायालयात काम चालू असेल आणि त्याच्या वतीने कोणी हजर नसेल, तर जिल्ह्याच्या कलेक्टराने तसे प्रमाणपत्र न्यायालयाला द्यावे, न्यायालयाने काम तहकूब ठेवावे, आणि त्याच्या पाठीमागे हुकूमनामा झालाच असेल तर तो फिरविण्याची सोयही असावी, अशी त्याची योजना आहे. इंग्रजाने हे सैनिकाच्या प्रेमापोटी केले असे मानण्याइतका मी भोळा नाही; त्याला भरती हवी होती. पण ज्याची जमीन मागे सुरक्षित नाही तो मनुष्य खंदकात स्वस्थचित्ताने उभा राहू शकत नाही, ही गोष्ट त्याने ओळखली होती. चावडीवरील वारसनोंद म्हणजे न्यायालयातील दावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या कायद्याचा आत्मा चावडीपर्यंत नेण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावयास नको; फेरफार धरताना ‘वारसांपैकी कोणी फौजेत आहे काय’ एवढा प्रश्न तलाठ्याने विचारावा, आणि त्याने विचारला नाही तर शेजाऱ्याने उठून सांगावे.

नागरिकाने काय करावे याचे माझे उत्तर या शेजाऱ्यापासून सुरू होते. बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांत पंधरा-सतरा वर्षे सेवा करून तरुण वयातच निवृत्त झालेले जवान कितीतरी असतात. त्यांना ‘अरे’ म्हणून हाक मारणाऱ्या माणसाने प्रजासत्ताकदिनी ध्वजाला केलेले वंदन मला अपुरे वाटते. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर अग्निवीरांपैकी फार तर चौथा हिस्सा कायम होणार आहे. बाकीची पोरे काही एक ठोक रक्कम घेऊन, पेन्शनीवाचून, पंचविशीच्या आसपास गावी परततील. त्यांच्या स्वागताच्या कमानी आताच डोळ्यांपुढे येतात. कमानीखालून आत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गावात कोण काय काम देणार आहे, याची बैठक कमानीच्या आधी व्हावयास हवी.

सुभेदारांशी मी त्या बाकावर बसून तासभर बोललो. सत्काराविषयी त्यांच्या मनात कटुता नाही. बोलावले, मान दिला, चांगले वाटले, असे ते म्हणाले. प्रांतांनी स्थानिक चौकशी मागविली असून मंडल अधिकारी येत्या सोमवारी चावडीवर जबाब घेणार आहेत. आपण काय मदत करावी असे विचारताच ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “दुसरं काही नको. गावातल्या चार माणसांनी येऊन एवढंच सांगावं, की आमच्या वडिलांना तीन मुलगे होते.”

सोमवारी मी जाणार आहे. त्या घराशी माझा तीस वर्षांचा परिचय असल्यामुळे माझा जबाब घेण्यास हरकत येऊ नये. आणखी तिघे हवे आहेत. भाऊबंदकीत कशाला पडावे, म्हणून दोघांनी अजून होकार दिलेला नाही. ते दोघेही सत्काराच्या दिवशी माझ्याच रांगेत बसले होते. उद्या सकाळी त्यांच्याकडे पुन्हा जाऊन बसण्याचे मी ठरविले आहे.

— टिपणीस